शिकविणाऱ्यांचे शिक्षण : रुग्णनातेवाइकांच्या कार्यशाळा आणि आपले स्वयंसेवक

कोणत्याही धर्मादाय रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात बाह्यरुग्ण, आंतररुग्ण, शस्त्रक्रिया आणि सवलतीच्या दरातील उपचार यांच्या तक्त्यांखाली एक लहानशी ओळ असते : ‘घेतलेल्या कार्यशाळा’ आणि त्यापुढे ‘उपस्थिती’. देणगीदारांची व विश्वस्तांची नजर या ओळीवरून सहज पुढे सरकते, कारण तिच्यात खर्च फारसा नसतो आणि वादाचे तर काहीच नसते. प्रस्तुत लेख त्या ओळीविषयी आहे. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी कार्यशाळा घेणाऱ्या स्वयंसेवकांना आधी काय शिकवावे लागते, त्याला वेळ का लागतो आणि ‘उपस्थिती’ या आकड्याने त्याचे मोजमाप का होत नाही, हे हितचिंतकांसमोर मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रश्न किती खरा आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पक्षाघात झालेला रुग्ण दहा-बारा दिवसांनी घरी जातो. रुग्णालयात त्याच्याभोवती तीन पाळ्यांतील परिचारिका, मावशी, मामा, भौतिकोपचारतज्ज्ञ असे अनेक हात असतात. घरी बहुधा एकच जोडी उरते. पत्नीची, सुनेची, क्वचित मुलाची. त्या हातांना रुग्णास कुशीवर वळविता येते की नाही, नाकातील नळीतून अन्न देताना डोक्याकडची बाजू किती उंच ठेवावी हे त्यांना ठाऊक आहे की नाही, यावर त्या घराचे पुढील सहा महिने अवलंबून असतात. माकडहाडाजवळ एकदा खोल जखम झाली की ती भरून येण्यास कित्येक महिने लागतात. रुग्णास पुन्हा दाखल करावे लागते, आणि ज्या कुटुंबाने पहिल्या उपचारासाठीच दागिने गहाण टाकलेले असतात, त्याला हा दुसरा खर्च पेलत नाही. या जखमांपैकी पुष्कळशा टाळता येण्याजोग्या असतात. त्यासाठी महागडे औषध लागत नाही. दर दोन तासांनी कूस बदलणारे, आणि ती योग्य रीतीने बदलणारे माणूस लागते.

हे परिचारिकांनी शिकवावे, हे खरेच. त्या शिकवितातही. परंतु ते शिकविणे बहुधा घरी सोडण्याच्या दिवशी होते, जेव्हा नातेवाइकांचे अर्धे लक्ष बिलाकडे, अर्धे औषधांच्या पिशवीकडे आणि उरलेसुरले बाहेर थांबलेल्या रिक्षाकडे असते. डॉक्टरांनी सांगितलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के भाग रुग्ण लगेचच विसरतात आणि जे आठवते त्यातील जवळजवळ निम्मे चुकीचे आठवते, असे डच मानसशास्त्रज्ञ रॉय केसल्स यांनी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात नमूद केले आहे. म्हणूनच घरी जाण्यापूर्वी दोन-तीन दिवस आधी, निवांत वेळी, नातेवाइकांना स्वतंत्रपणे शिकविणारी कार्यशाळा आवश्यक ठरते आणि ती घेण्यासाठी स्वयंसेवकांचे साहाय्य घ्यावे लागते.

हे स्वयंसेवक म्हणजे निवृत्त शिक्षिका, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले गृहस्थ, मुले मोठी झाल्याने मोकळा वेळ मिळालेल्या गृहिणी, आणि ज्यांनी स्वतःच्या घरी आजारपण काढले आहे असे काही जण. सद्भावनेची वाण त्यांच्यापाशी मुळीच नसते. अडचण निराळीच असते. कार्यशाळा घ्यायची म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते, ते भाषणाचे असते. दीपप्रज्वलन, गुलाबपुष्प देऊन स्वागत, पाहुण्यांचा परिचय, अध्यक्षीय मनोगत, आभारप्रदर्शन आणि चहापान एवढे सारे झाल्यावर दोन तासांतील मूळ विषयाच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास येतो, आणि त्यातही एक बोलतो व बाकीचे ऐकतात. ‘कार्यशाळा’ या शब्दातील ‘कार्य’ कोणी करीत असेल तर ते चहा देणारी मंडळीच करतात, असे गमतीने म्हणावेसे वाटते. स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाचा पहिला हेतू ही सवय मोडणे हा असतो. आणि ती मोडणे सोपे नाही, कारण चांगले बोलता येणाऱ्या माणसाला गप्प बसावयास सांगणे त्याला अपमानास्पद वाटू शकते.

म्हणून प्रशिक्षणाची सुरुवात व्याख्यानाने होत नाही. प्रत्येक नव्या स्वयंसेवकास खाटेवर उताणे झोपविले जाते आणि अर्धा तास मुळीच हालचाल न करता पडून राहण्यास सांगितले जाते. दहा-पंधरा मिनिटांतच टाचा जाणवू लागतात, मग माकडहाड, मग डोक्याचा मागचा भाग. निरोगी माणूस नकळत कूस बदलतो; रुग्णाला ते करता येत नाही, एवढाच काय तो फरक. त्यानंतर दुसरे दोघे त्यास कुशीवर वळवितात. हाताला धरून ओढल्यास खांद्यात काय होते, चादरीसकट सरकविल्यास काय वाटते आणि चादरीवरून फरफटत नेल्यास पाठीची कातडी कशी ताणली जाते, हे तो स्वतःच्या अंगावर अनुभवतो. पक्षाघाताच्या रुग्णाचा दुबळा हात धरून त्याला उठवू नये, नाहीतर खांद्याचा सांधा निखळण्याची भीती असते, हे वाक्य पुस्तकातून वाचलेल्या आणि अंगावर अनुभवलेल्या माणसाच्या तोंडून निराळ्या रीतीने बाहेर पडते.

त्यानंतर कौशल्य शिकविण्याची पद्धत. या बाबतीत ब्रिटिश शल्यचिकित्सक रॉडनी पेटन यांनी १९९८ साली मांडलेली चार पायऱ्यांची रीत उपयोगी पडते. वैद्यकीय महाविद्यालयांत नवशिक्या डॉक्टरांना टाके घालणे शिकविताना ती वापरली जाते, पण रुग्णास कुशीवर वळविण्यासही ती तितकीच लागू आहे. प्रथम शिकविणारा संपूर्ण कृती एकही शब्द न बोलता, नेहमीच्या वेगाने करून दाखवितो. दुसऱ्यांदा तीच कृती तो सावकाश, प्रत्येक टप्पा समजावून सांगत करतो. तिसऱ्यांदा कृती शिकविणाराच करतो, परंतु काय करायचे ते शिकणारा सांगतो. चौथ्यांदा शिकणारा स्वतः बोलत बोलत कृती करतो.

यांतील पहिली पायरी स्वयंसेवकांना सर्वांत जड जाते, कारण तोंड मिटून काम करण्याची सवय कोणालाच नसते. पण तिचे महत्त्व मोठे आहे. नातेवाइकाला संपूर्ण कृती एका दमात पाहावयास मिळते आणि ‘हे तर दोन मिनिटांचे काम आहे’ एवढा धीर त्यातून येतो. तिसरी पायरी मात्र या साऱ्या पद्धतीचा प्राण आहे. खाटेजवळ उभी असलेली पत्नी सांगू लागते, “आधी त्यांचा पलीकडचा पाय गुडघ्यात वाकवा, मग हात छातीवर ठेवा, मग…” आणि ती थांबते. जेथे ती थांबली, नेमके तेथेच तिचे शिकणे अपुरे राहिले आहे, हे शिकविणाऱ्यास कळते. चूक खाटेवरच्या माणसाला न भोगावी लागता उघड होते. घाईत असलेला स्वयंसेवक या जागी स्वतःच वाक्य पूर्ण करून टाकतो. प्रशिक्षणात त्याला सांगितले जाते, की मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजावेत आणि वाट पाहावी. बहुतेक वेळा सातव्या-आठव्या आकड्याला उत्तर येते.

याच संदर्भात एका साध्या प्रश्नाविषयी लिहिणे आवश्यक आहे. “समजले ना?” हा प्रश्न आमच्या कार्यशाळांतून हद्दपार केलेला आहे. आपल्याकडे डॉक्टर, शिक्षक किंवा पांढरा कोट घातलेले कोणीही हा प्रश्न विचारले, की उत्तर ‘हो’ असेच येते. ‘नाही’ म्हणणे उद्धटपणाचे वाटते. शिवाय इतर सगळ्यांना समजले आणि आपल्यालाच नाही, असे दाखविण्याची लाज असते. त्याऐवजी स्वयंसेवकाने असे विचारावे : “काकू, हे घरी तुमच्या सुनेला कसे सांगाल? मी तुमची सून आहे असे समजा.” यात परीक्षा नातेवाइकाची होत नाही, सांगणाऱ्याची होते. उत्तर चुकले तर “माझे सांगायचे राहिले बहुधा, पुन्हा दाखवते” असे म्हणून ती कृती पुन्हा करावी. हे शेवटचे वाक्य स्वयंसेवकांकडून अक्षरशः पाठ करून घेतले जाते.

आशयाच्या बाबतीतही काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. पाठीला स्पिरिट आणि पावडर लावून चोळणे ही सेवेची जुनी खूण आहे, आणि अनेक घरांत ती अजून निष्ठेने पाळली जाते. वस्तुतः हाडाच्या उंचवट्यावरील कातडीचा रंग बदलला असेल, तर तेथे चोळल्याने आतील पेशींना अधिक इजा होते. बसावयास दिली जाणारी रबरी गोल कडी मधला भाग मोकळा ठेवते खरी, पण कडेने दाब वाढवून रक्तपुरवठा रोखते. हवेची गादी चांगली, मात्र ती आणली म्हणून कूस बदलण्यातून सुटका होत नाही. टाचा उचलून धरायच्या असतील तर उशी टाचेखाली न ठेवता पोटरीखाली ठेवावी, म्हणजे टाच अधांतरी राहते. नळीतून अन्न देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच असावी आणि अन्न दिल्यानंतरही किमान अर्धा ते एक तास तशीच राहू द्यावी, म्हणजे अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका कमी होतो.

आणखी एक बाब परदेशी पुस्तकांत पुरेशी ठळक नसते, म्हणून तिचा येथे मुद्दाम उल्लेख करतो. शय्याव्रणाची पहिली खूण म्हणून ‘लाल डाग’ शोधावा, असे सर्वत्र लिहिलेले आढळते, आणि सोबतच्या चित्रांत गोऱ्या कातडीवर तो डाग उठून दिसतो. आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर तो तसा दिसत नाही. भाग किंचित जांभळट किंवा आसपासच्यापेक्षा गडद दिसतो. कधी काहीच दिसत नाही. बोटाने दाबून रंग पांढरा होतो का हे पाहण्याची चाचणीही अशा कातडीवर फसवी ठरते. म्हणून हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून तो भाग शेजारच्या कातडीपेक्षा गरम, कडक किंवा पिठासारखा मऊ लागतो का, हे पाहण्यास शिकवावे लागते. छापील तक्ता भिंतीवर लावून हे साधत नाही. दोन वेगवेगळ्या जागांना हात लावूनच ते समजते.

दाखवून, करवून घेऊन शिकविण्याची ही रीत आमच्या रुग्णालयाची नाही आणि नवीनही नाही. तिची सर्वांत मोठी कसोटी शेजारच्या बांगलादेशात लागली. १९७१च्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी बनगाव येथील निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली असता डॉ. दिलीप महालनबिस यांनी शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडताना मीठ, साखर व सोडा यांचे पाणी तोंडाने पाजण्याचा मार्ग अवलंबिला, आणि तेथील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. डॉ. महालनबिस २०२२ साली निवर्तले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. औषध तर सापडले, पण ते कोट्यवधी मातांना शिकवायचे कसे, हा प्रश्न उरला. ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या दशकात तो सोडविला. तिच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन एकेका मातेस तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचे मिश्रण तिच्याच हातांनी, तिच्याच घरातील भांड्यात तयार करावयास लावीत. लक्षात ठेवायचे मुद्दे अवघे सात होते. अशा रीतीने सुमारे सव्वा कोटी घरे गाठली गेली.

विश्वस्तांनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट मात्र पुढेच आहे. किती घरांना भेट दिली, यावर ब्रॅकच्या कार्यकर्त्यांचे मानधन ठरत नसे. काही दिवसांनी निराळे पर्यवेक्षक त्यांतील निवडक घरी जात आणि मातेस काय आठवते, ते विचारीत. तिला पाणी बनवावयास सांगत आणि त्याचे नमुने तपासणीस पाठवीत. मातेच्या उत्तराच्या गुणवत्तेनुसार कार्यकर्तीस मानधन मिळे. पैसा शिकविण्याला न देता शिकण्याला दिल्यावर शिकविण्याची पद्धत आपोआप सुधारली. तरीही प्रारंभी एक कोडे पडले. मातांना सारे आठवत होते, पण मुलाला जुलाब झाले की त्या ते पाणी देत नव्हत्या. शोध घेतल्यावर दिसून आले, की शिकविणाऱ्यांपैकी अनेकांचा स्वतःचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता, आणि घरातील पुरुषांना तर कोणी काही सांगितलेच नव्हते. त्या दोन्ही बाबी दुरुस्त केल्यावर वापर वाढला.

यांतील दुसरी बाब आपल्याकडे रोज अनुभवास येते. कार्यशाळेला मुलगा येतो, वहीत नीट टिपून घेतो. घरी सेवा सुनेला करावी लागते, आणि काय करायचे व काय नाही याचा निर्णय सासूबाई घेतात. तिघांपैकी एकालाच शिकविले तर शिकविलेले दारातच अडते. म्हणून नावनोंदणीच्या वेळी स्वयंसेवकाने पहिला प्रश्न विचारायचा तो असा : “घरी रात्री दोन वाजता त्यांना कोण वळविणार?” ज्या व्यक्तीचे नाव येईल, तिने येणे आवश्यक, शक्य तर तिच्यासोबत घरातील वडीलधारे माणूस. रोजंदारी बुडू नये म्हणून अशी कार्यशाळा सायंकाळी किंवा रविवारी ठेवावी लागते. पगारी आया ठेवलेली असेल तर तिलाही बोलवावे. तिला बोलाविण्यास काही कुटुंबांना संकोच वाटतो, तो दूर करणे हाही शिकविण्याचाच भाग आहे.

महाराष्ट्रात या वाटेवरील पाऊलखुणा ठळक आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेड येथे काम सुरू केले. गावोगावच्या स्त्रिया, त्यांतील अनेक निरक्षर, दर आठवड्यास जामखेडला येत, शिकत, आपले अनुभव एकमेकींना सांगत आणि गावी परतून ते इतरांना शिकवीत. पुढे याच स्त्रियांनी देशोदेशींहून आलेल्या डॉक्टरांना आणि प्रशिक्षणार्थींना शिकविले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ज्या सुइणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधे उपकरण तयार केले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, म्हणजे बाळाचा श्वास धोकादायक वेगाने चालतो आहे का, हे आकड्यांवाचून कळते. गावातील आरोग्यदूतांनी घरीच घेतलेल्या काळजीमुळे नवजात बालकांच्या मृत्यूंत ६२ टक्के घट झाल्याचा त्यांचा शोधनिबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत नवजात बालकांची घरभेटीतून काळजी घेणे हे राष्ट्रीय धोरण झाले. अक्षरज्ञान नसलेल्या स्त्रीला जर एवढे नाजूक काम शिकविता येते, तर ‘आमच्या पेशंटच्या घरच्यांना काही कळत नाही’ या सबबीला अर्थ उरत नाही.

पुन्हा आपल्या स्वयंसेवकांकडे वळू. पद्धत समजली म्हणजे ती जमली असे नव्हे, म्हणून सरावाचा भाग प्रशिक्षणात सर्वांत मोठा असतो. प्रत्येकाने सात मिनिटांचा एक छोटा पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी नातेवाइकांची भूमिका करायची, मग चर्चा आणि लगेच तोच पाठ पुन्हा. १९६०च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात रुजलेली ही रीत आपल्या निवृत्त शिक्षिकांना ‘सूक्ष्म अध्यापन’ या नावाने बी.एड.पासून परिचित असते आणि हे नाव काढताच त्यांच्या चेहऱ्यावर जुन्या कंटाळ्याची एक छटा उमटते, हेही सांगितले पाहिजे. फरक इतकाच, की तेव्हा गुण मिळविण्यासाठी घेतलेला पाठ आता खाटेवरच्या माणसासाठी घ्यायचा असतो. चर्चेला एक नियम आहे. पाठ घेणाऱ्याने आधी स्वतः बोलायचे, मग इतरांनी जे पाहिले तेवढेच सांगायचे. ‘छान झाले’ हा शेरा चालत नाही. ‘तुम्ही उशी ठेवताना पाठ आमच्याकडे केली, त्यामुळे हात दिसला नाही’ असा शेरा उपयोगी पडतो.

या सरावात मुद्दाम अवघड प्रसंग घातले जातात. एक नातेवाईक सारखा आपल्याच रुग्णाची कथा सांगत राहतो. दुसरी एकाएकी रडू लागते. तिसरा विचारतो, “रक्त पातळ करणारी गोळी बंद करू का?” पहिल्यास प्रेमाने थांबवावे लागते आणि नंतर खरोखरच वेळ द्यावा लागतो. दुसरीच्या बाबतीत शिकविणे काही काळ बाजूला ठेवून एका स्वयंसेविकेने तिच्याशेजारी बसावे. सांत्वनाची मोठी वाक्ये बोलू नयेत. तिसऱ्याच्या प्रश्नाला एकच उत्तर आहे : “हे मी सांगू शकत नाही, डॉक्टरांना आत्ताच विचारू या.” औषधाची मात्रा, आजाराचे भवितव्य आणि खर्चाचा अंदाज या तीन विषयांवर स्वयंसेवकाने मत देऊ नये, यावर आमचा कटाक्ष आहे. उत्साही स्वयंसेवकाकडून होणारे नुकसान बहुधा याच तीन दारांनी आत येते. भाषेचेही असेच. ‘रुग्णास पार्श्वस्थितीत आणा’ हे कोणालाच कळत नाही आणि ‘लॅटरल पोझिशन द्या’ हेही कळत नाही. ‘डाव्या कुशीवर करा’ हे सर्वांना कळते. वार्षिक अहवालाची भाषा, म्हणजे प्रस्तुत लेखाची भाषा, खाटेजवळ वापरू नये एवढे सांगितले की बहुतेकांच्या ते लक्षात येते.

आता आकड्यांविषयी. सभागृहात शंभर माणसे बसू शकतात, मग एका कार्यशाळेत बाराच कुटुंबे का, असा प्रश्न विश्वस्त मंडळात उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर गणिताचे आहे. एका कुटुंबास एक कृती स्वतः करून पाहण्यास आणि दुरुस्त करून घेण्यास सुमारे आठ मिनिटे लागतात. तीन खाटा आणि प्रत्येक खाटेशी दोन स्वयंसेवक असतील तर एका खाटेवर चार कुटुंबे येतात, म्हणजे एका कृतीला बत्तीस मिनिटे. कूस बदलणे, कातडी तपासणे आणि नळीतून अन्न देणे अशा तीन कृती धरल्या की दोन तास जवळजवळ संपतात. शंभर कुटुंबांना एकाच वेळी बसविल्यास प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिटसुद्धा येत नाही. तेथे फक्त ऐकणे शक्य असते. शंभरांच्या सभेचे छायाचित्र अधिक शोभून दिसते, हे मान्य आहे. मोठ्या सभेला तिची जागाही आहे; तंबाखूविषयी किंवा रक्तदानाविषयी जनजागृती करायची असेल तर भरगच्च सभागृहच हवे. परंतु जे काम हातांनी करायचे आहे, ते खुर्चीवर बसून शिकता येत नाही.

म्हणून ‘उपस्थिती’च्या शेजारी आणखी दोन रकाने अहवालात असावेत, असे सुचवावेसे वाटते. किती जणांनी कृती स्वतः बिनचूक करून दाखविली, हा पहिला. घरी गेल्यावर पंधरा दिवसांनी दूरध्वनी केला असता किती घरी ती चालू होती, हा दुसरा. दुसऱ्या रकान्यातील आकडा पहिल्यापेक्षा लहानच असणार आणि तो छापताना थोडे अवघडल्यासारखे होणार. तरी तो छापावा. दूरध्वनीवर “सगळे करता ना?” असे न विचारता “आज सकाळपासून किती वेळा वळविले, आत्ता ते कोणत्या कुशीवर आहेत?” असे विचारण्याचाही सराव स्वयंसेवकांना द्यावा लागतो. उत्तरातून दोष शोधायचा नसतो. पाठीला दुखते म्हणून पत्नीला एकटीने वळविणे जमत नाही, असे कळले तर शेजाऱ्यांपैकी कोणी रात्रीच्या जेवणानंतर येऊ शकेल का, येथून बोलणे सुरू होते.

शिकविणाऱ्यांचे कौशल्यही झिजते. हृदयाचे ठोके बंद पडल्यास छाती दाबण्याचे तंत्र शिकलेली माणसे तीन ते सहा महिन्यांत त्यातील बरेच विसरतात, हे अनेक ठिकाणी दिसून आले आहे; कूस बदलण्याच्या बाबतीत निराळे घडण्याचे कारण नाही. त्यामुळे दर तीन महिन्यांनी प्रत्येक स्वयंसेवकाचा एक पाठ परिचारिकांनी मागे बसून पाहावा आणि चुकत असलेल्या सवयी वेळीच सांगाव्यात. ज्यांनी आपल्या घरातील रुग्णाची सेवा केली आहे आणि आता शिकवू इच्छितात, त्यांना विशेष स्थान द्यावे. पण ज्यांचे माणूस नुकतेच गेले आहे त्यांना काही महिने थांबण्यास हळुवारपणे सांगावे. हे सांगण्याचे काम समाजसेवा विभागाकडे सोपवावे, सहकाऱ्यांवर टाकू नये.

या उपक्रमास लागणारी सामग्री फारशी नाही. वॉर्डातून बाद झालेल्या, पण उंच-खाली होणाऱ्या तीन लोखंडी खाटा, जाड सुती चादरी, वेगवेगळ्या आकाराच्या डझनभर उश्या, नाकातील नळ्या आणि त्या बसविलेली एक प्रतिकृती, हात धुण्यासाठी जवळच नळ, आणि बाहेरगावच्या नातेवाइकांसाठी रविवारी एक वेळचे जेवण. प्रतिकृती महाग असते आणि तिच्या नावाने देणगी देणे अनेकांना आवडते. तरीही कोणी विचारल्यास आम्ही प्रथम खाटा आणि जेवण यांसाठीच साहाय्य मागू. प्रतिकृती दुसऱ्या वर्षी आली तरी चालेल, तोपर्यंत रुग्णाची जागा घेण्यास स्वयंसेवक आळीपाळीने तयार असतात.